स्विच घ्यायचाय, पण नेमका कोणता?
वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

हातात धरून खेळायच्या कन्सोलबद्दल आलेली बहुतेक पत्रं निन्टेन्डो स्विचची आहेत आणि त्यांत एकच काळजी पुन्हा पुन्हा दिसते: दुकानदार ‘नवं मॉडेल’ म्हणतो, ते नक्की कोणतं? निन्टेन्डो भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही. ठाणे-वाशीच्या दुकानांत मिळतो तो बाहेरून आलेला माल, त्यामुळे पारख आपली आपणच करावी लागते. म्हणून पहिलं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात लाल-निळ्या जॉय-कॉनचा (दोन्ही कडांना बसणारे सुटे कंट्रोलर) वापरलेला स्विच ‘सुधारित, जास्त बॅटरीवाला’ म्हणून दाखवला. २०१७ चा पहिला स्विच आणि हा, दोन्ही मला सारखेच दिसतात. फरक कसा ओळखायचा? (नौपाडा, ठाणे)

बाहेरून खरोखरच फरक नाही. ६.२ इंची स्क्रीन तीच, ३२ जीबी साठवण तीच, ४,३१० एमएएचची बॅटरीसुद्धा तीच. बदल आत आहे. मार्च २०१७ च्या मूळ स्विचमधली टेग्रा चिप २० नॅनोमीटरची होती, २०१९ मध्ये ती १६ नॅनोमीटरवर आली. तेवढ्याच कामाला वीज कमी लागू लागली आणि त्याच बॅटरीवर वेळ वाढला. कंपनीचे आकडे असे: मूळ मॉडेल अडीच ते साडेसहा तास, सुधारित मॉडेल साडेचार ते नऊ तास. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा झेल्डा मालिकेतला गेम मूळ मॉडेलवर साधारण तीन तास चालतो, तर सुधारित मॉडेलवर साडेपाच. एवढा फरक असताना दोन्हींना एकच किंमत देण्यात अर्थ नाही.

ओळखायच्या खुणा तीन. खोक्यावर कन्सोलमागची पार्श्वभूमी पूर्ण लाल असेल तर खोकं २०१९ च्या मॉडेलचं आहे, पांढरा भाग असेल तर जुन्याचं. पण खोकी सहज बदलली जातात, त्यामुळे केवळ खोक्यावर विसंबू नका. दुसरी खूण मॉडेल क्रमांक, पाठीवर बारीक अक्षरांत असतो: जुन्यावर एचएसी-००१, सुधारितवर एचएसी-००१ च्या पुढे कंसात -०१. तिसरी खूण सर्वांत भरवशाची, ती म्हणजे सीरियल नंबर. खालच्या कडेला चार्जिंगच्या खाचेशेजारी छोटं स्टिकर असतं. त्यावरची पहिली दोन अक्षरं एक्स-ए असतील तर जुना, एक्स-के असतील तर सुधारित. (‘स्विच लाइट’ या लहान मॉडेलचा नंबर एक्स-जेपासून आणि मोठ्या स्क्रीनच्या ‘स्विच ओएलईडी’ मॉडेलचा एक्स-टीपासून सुरू होतो.) हाच नंबर सेटिंगमध्ये ‘सिस्टम’खाली ‘सीरियल इन्फर्मेशन’मध्येही दिसतो. स्टिकर, सेटिंग आणि खोकं या तिन्हींवर नंबर एकच हवा. स्टिकरवर एक आणि सेटिंगमध्ये दुसरा दिसला तर तो कन्सोल कधीतरी उघडून त्याची पाठ किंवा बोर्ड बदललेला आहे. असा कन्सोल घेऊ नका.

शिवाय दुकानात अर्धा तास मागून घ्या. बॅटरी पूर्ण भरलेली असताना एखादा जड गेम वाय-फायवर, मध्यम उजेडात चालवा. चांगल्या बॅटरीचा सुधारित स्विच अर्ध्या तासात साधारण ९-१० टक्के उतरेल, जुना १६-१७ टक्के. एक्स-के नंबर असूनही पंधरा टक्क्यांच्या पुढे उतरला तर बॅटरी थकलेली आहे. मग नव्या बॅटरीचा खर्च धरूनच भाव ठरवा. त्याच वेळात दोन्ही जॉय-कॉन रुळात सरकवून-काढून बघा, गेम कार्ड घालून बघा, आणि डॉक (कन्सोल ज्यात ठेवून टीव्हीला जोडतात तो स्टँड) सोबत देत असतील तर टीव्हीला लावून चित्र येतं का तेही बघा. टीव्हीचं चित्र तपासायचं मात्र बरेच जण विसरतात. कन्सोलची यूएसबी-सी खाच वाकलेली असेल तर चार्जिंग होतं, पण टीव्हीवर चित्र येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे २०१९ चा स्विच आहे. मुलगा ओएलईडीसाठी हट्ट धरून बसलाय. घरी जवळजवळ सगळं खेळणं टीव्हीवरच होतं. बदलावा का? (एक पालक, वाशी सेक्टर १७)

नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ओएलईडी मॉडेलची चिप तुमच्याकडे आहे तीच. टीव्हीवर जास्तीत जास्त १०८०पी, तेही आत्ताइतकंच. गेम जास्त वेगाने चालणार नाहीत, चित्र जास्त रेखीव होणार नाही. डॉकमध्ये लॅन केबलची खाच वाढली आहे, पण तुमच्या जुन्या डॉकलाही यूएसबीचा लॅन अडॅप्टर लावता येतो.

ओएलईडीचा फायदा हातात धरून खेळणाऱ्याला. ७ इंची स्क्रीन, गडद काळा रंग, ६४ जीबी साठवण, आणि पाठीमागचा पूर्ण रुंदीचा स्टँड. जुन्या स्विचचा स्टँड म्हणजे एका टोकाची बारकी पट्टी, टेबलाला धक्का लागला की कन्सोल आडवा. मुलगा ठाणे-वाशी लोकलने रोज क्लासला जाऊन-येऊन खेळत असता तर आमचं उत्तर वेगळं असतं. बॅटरीचा वेळ २०१९ च्या मॉडेलइतकाच आहे, वजन जॉय-कॉनसह ४२० ग्रॅम, म्हणजे थोडं जास्तच.

टीव्हीवर खेळणाऱ्यांच्या तक्रारींपैकी एक इथेच निकालात काढू. मूळ चार्जर बिघडला म्हणून मोबाईलचा फास्ट चार्जर डॉकला लावला आणि टीव्हीवर काहीच दिसेना, अशी पत्रं बरीच आहेत. डॉकला टीव्हीवर चित्र पाठवायला १५ व्होल्ट, २.६ अँपिअर लागतात. मोबाईलचे कितीतरी चार्जर ९ किंवा १२ व्होल्टपर्यंतच जातात. त्यावर कन्सोल चार्ज होईल, चित्र येणार नाही. पर्यायी चार्जर घेताना त्यावर बारीक अक्षरांत ‘१५ व्होल्ट ३ अँपिअर’ लिहिलेलं आहे का ते वाचा. ४५ वॉटच्या बहुतेक पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) चार्जरवर असतं. बिननावाचा स्वस्त डॉक मात्र घेऊ नका. चुकीचा दाब देणाऱ्या अशा डॉकमुळे कन्सोल कायमचे बंद पडल्याची उदाहरणं २०१८ पासून आहेत.

प्रश्न : माझे मामा जपानहून येताना स्विच २ आणणार आहेत. तिथे तो बराच स्वस्त आहे म्हणे. काय काळजी घ्यावी? (खारघर)

मामांना आजच फोन करून सांगा: जपानमध्ये स्विच २ दोन प्रकारचा मिळतो. जून २०२५ मध्ये तो आला तेव्हा एकाची किंमत ४९,९८० येन होती, दुसऱ्याची ६९,९८०. स्वस्तातला फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्यावर जपान हा देश निवडलेलंच निन्टेन्डो खातं जोडता येतं. भाषा नंतर बदलता येत नाही. तुम्हाला हवा तो महागडा, अनेक भाषांचा. त्याच्या खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. भारतात आल्यावर परत करता येणार नाही, म्हणून बिल करण्याआधी मामांनी खोक्याचा फोटो पाठवला तर उत्तम.

चार्जरला ट्रान्सफॉर्मर लागत नाही, तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो. फक्त दोन चपट्या पिनांचं टोक आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही, त्यासाठी चांगला कन्व्हर्टर घ्या. सैल बसणारा दहा-वीस रुपयांचा कन्व्हर्टर ठिणग्या मारतो आणि तापतो. बोटाने हलवला तरी हलणार नाही असा घ्या.

घरात जुना स्विच असेल तर त्याचं काय चालेल? गेम कार्डं बहुतेक चालतील. जुने जॉय-कॉन बिनतारी जोडता येतील, पण कडेला बसणार नाहीत, कारण नवे चुंबकाने चिकटतात. जुना डॉक चालणार नाही. जुना चार्जर कन्सोल चार्ज करेल, पण नव्या डॉकला ६० वॉटचा चार्जर लागतो. आणि मेमरी कार्ड: गेम ठेवायला फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस चालतं. साध्या कार्डावरून फोटो-व्हिडिओ तेवढे घेता येतात. आतली २५६ जीबी सुरुवातीला पुरते, त्यामुळे एक्सप्रेस कार्डाची घाई करू नका.

प्रश्न : ओएलईडीवर टेम्पर्ड ग्लास लावायला गेलो तर मोबाईल ॲक्सेसरीवाला म्हणाला, आधी कंपनीची फिल्म काढावी लागेल. एका कोपऱ्यात नखाला कड लागतेही. काढू का? (ऐरोली)

काढू नका! ती वाहतुकीत चरे पडू नयेत म्हणून लावलेली फिल्म नाही. ओएलईडीची पुढची काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून कारखान्यातच चिकटवलेली सुरक्षा फिल्म आहे, आणि ती काढू नये असं कंपनीने स्पष्ट सांगितलं आहे. टेम्पर्ड ग्लास तिच्यावरच लावायची. मोबाईलची सवय असलेला माणूस हीच चूक करतो, म्हणून ग्लास लावताना समोर उभे राहा.

ग्लास ‘ओएलईडी मॉडेल’साठीचीच घ्या. जुन्या स्विचची ६.२ इंची ग्लास लहान पडते. पंखा बंद करा, फिल्मवर धुळीचा कण दिसला तर चिकटपट्टीच्या तुकड्याने उचला, फडक्याने घासू नका. फिल्म आधीच निघाली असेल तर घाबरू नका, स्क्रीन चालते. टेम्पर्ड ग्लास मात्र लगेच लावा. आता काच फुटली तर तुकडे धरून ठेवायला दुसरं काही नाही.

प्रश्न : डाव्या जॉय-कॉनला हात न लावता पात्र आपोआप डावीकडे चालत जातं. दुरुस्तीवाला नवा जॉय-कॉन घ्या म्हणतो. घरी करता येईल का? (घोडबंदर रोड, ठाणे)

करता येईल. ज्याने मोबाईलची बॅटरी वगैरे स्वतः बदलली आहे त्याला तर नक्की. आधी रोग समजून घ्या. स्टिकच्या, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीच्या, खाली कार्बनचा पातळ पट्टा असतो आणि त्यावरून धातूची बारीक जीभ घासत जाते. पट्टा झिजला किंवा त्यावर काळी भुकटी साचली की स्टिक मधोमध असूनही ती कललेली आहे असंच कन्सोलला वाटतं. हाच ड्रिफ्ट.

सुरुवात सेटिंगपासून. ‘कंट्रोलर्स अँड सेन्सर्स’मध्ये आधी कंट्रोलर अपडेट करा, मग ‘कॅलिब्रेट कंट्रोल स्टिक्स’ उघडून डावी स्टिक दाबा. हात काढल्यावर खूण मध्यावर स्थिर राहते का बघा. कॅलिब्रेशनने थांबलं तर काम झालं. नाही थांबलं तर स्टिकच्या बुडाशी असलेली रबराची झालर लाकडी दातकोरणीने हळूच उचलून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब आत सोडा, स्टिक गोल गोल फिरवा, अर्धा तास वाळू द्या. याने काही दिवस किंवा आठवडे निघतात. झिजलेला पट्टा काही भरून येत नाही. तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

पक्का उपाय म्हणजे स्टिक बदलणं. आणि बदलणारच असाल तर हॉल इफेक्टची घ्या. तिच्यात चुंबकाने दिशा ओळखली जाते, घासणारा पट्टाच नसतो, त्यामुळे या कारणाने ड्रिफ्ट येत नाही. हत्यारं: वाय-०० मापाचा तीन पाकळ्यांचा पेचकस, चौफुलीचा ०० पेचकस, टोकदार चिमटा, प्लास्टिकची पट्टी. तीन पाकळ्यांच्या स्क्रूला चपटा पेचकस घालायचा मोह होतो. त्याने डोकं गुळगुळीत होतं आणि मग स्क्रू निघतच नाही.

जॉय-कॉन कन्सोलपासून वेगळा करा. पाठीचे चार स्क्रू काढा. दोन भाग पुस्तकासारखे हळूच उघडा, झटक्यात ओढू नका, कारण रुळाच्या बाजूने रिबन केबल दोन्ही भागांना जोडतात. सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं. पहिलं काम, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, तोही प्लास्टिकच्या पट्टीने. बॅटरी हलकीशी चिकटवलेली असते, कडेने थोडं थोडं उचका, वाकवू नका. मग बॅटरीखालच्या प्लास्टिकच्या चौकटीचे स्क्रू काढून चौकट बाजूला करा. तिला झेडएल बटणाची रिबन लागलेली असते, ती ताणू देऊ नका. आता स्टिक दिसेल. तिची रिबन ज्या कनेक्टरमध्ये आहे त्याची बारीक खिट्टी नखाने वर उचला, मगच रिबन सरकवा. खिट्टी बंद असताना ओढली तर कनेक्टर बोर्डापासून सुटतो, आणि ते काम घरी होत नाही. स्टिकचे दोन स्क्रू काढा, जुनी बाहेर, नवी आत. रिबन पूर्ण आणि सरळ आत गेली की खिट्टी खाली पाडा. स्क्रू कागदावर जॉय-कॉनची आकृती काढून जागच्या जागी ठेवत जा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर आतला बोर्ड दुखावतो. जोडणी उलट क्रमाने, बॅटरी सर्वांत शेवटी. मग पुन्हा कॅलिब्रेशन.

लाइटच्या स्टिक कन्सोलच्या आतच असतात, त्यासाठी सबंध कन्सोल उघडावा लागतो, म्हणून पहिलाच प्रयत्न लाइटवर नको.

प्रश्न : आमचं घर खाडीजवळ आहे. पावसाळ्यात कॅमेऱ्यांना बुरशी लागते तसं कन्सोलला काही होतं का? (सीवूड्स)

कंपनीने स्विचसाठी सांगितलेली हवा अशी: तापमान ५ ते ३५ अंश, आर्द्रता २० ते ८० टक्के. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आर्द्रता ८० च्या वर राहते, खाडीकाठी तर कितीतरी दिवस सलग. खरा धोका तापमानाच्या झटक्याचा. एसीच्या खोलीत गार झालेला कन्सोल तसाच गॅलरीत आणला की धातूच्या भागांवर आणि बोर्डावर दव जमतं. अशा वेळी तो चालू करू नका. बाहेर आणण्यापूर्वी केसमध्ये बंद करा आणि पाऊण-एक तास केसमध्येच राहू द्या.

बरेच दिवस खेळणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाकून ठेवा. पूर्ण रिकामी बॅटरी ठेवून विसरलात तर ती पुन्हा चार्ज घेईलच असं नाही. सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करायलाच हवी. गेम कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर दिसला तर अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. तोंडाने फुंकू नका, थुंकीतला ओलावा आत जातो.

वीज जाऊन आल्यावर येणाऱ्या दाबाच्या धक्क्यासाठी डॉक चांगल्या स्पाइक गार्डवर लावा. गडगडाट सुरू झाला की चार्जर आणि एचडीएमआय केबल, दोन्ही काढा.

प्रश्न : जुना स्विच विकून ओएलईडी घेतोय. सेव्ह केलेले गेम कसे न्यायचे? मेमरी कार्ड काढून नव्यात घातलं की झालं ना? (पाचपाखाडी, ठाणे)

नाही झालं. तुमची प्रगती, म्हणजे सेव्ह, कार्डावर नसते. ती कन्सोलच्या आतल्या साठवणीत असते. कार्डावरचे डाउनलोड केलेले गेमही ज्या कन्सोलवर उतरवले त्याच्याशीच बांधलेले असतात. नव्यात ते पुन्हा उतरवावे लागतात. म्हणून जुना कन्सोल हातात असतानाच बदली करा. गिऱ्हाईक दारात उभं असताना तर मुळीच नको.

दोन्ही कन्सोल अपडेट करा, चार्जरला लावा, शेजारी ठेवा, दोन्हींना घरचं वाय-फाय द्या. जुन्यावर निन्टेन्डो खातं जोडलेलं हवं. दोन्हीकडे सेटिंगमध्ये ‘यूजर्स’, मग ‘ट्रान्सफर युअर यूजर डेटा’. जुन्यावर ‘सोर्स’, नव्यावर ‘टार्गेट’ निवडा, नव्यावर त्याच खात्याने साइन इन करा. मध्येच कन्सोल स्लीप मोडमध्ये टाकू नका. पूर्ण झालं की सेव्ह जुन्यावरून पुसले जातात, ती चूक नाही. नव्यावर तुम्ही आधीच त्या खात्याने खेळायला लागला असाल तर हा पर्याय चालत नाही. मग ‘डेटा मॅनेजमेंट’मधून एकेका गेमचा सेव्ह पाठवावा लागतो.

‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ला हा नियम लागू नाही. या गेममध्ये आपण सजवलेलं बेट हलवायला निन्टेन्डोचं वेगळं मोफत साधन त्यांच्या ई-शॉप या ऑनलाइन दुकानात आहे, ते दोन्हीकडे उतरवा. ज्यांनी शेकडो तास लावून बेट सजवलं आहे त्यांनी हे आधी करावं, बाकी सगळं नंतर. नव्यावर प्रत्येक गेम एकदा उघडून सेव्ह दिसतो याची खात्री झाली की मगच जुन्यावर ‘सिस्टम’, ‘फॉरमॅटिंग ऑप्शन्स’, ‘इनिशियलाइज कन्सोल’.

प्रश्न : कोणतं मेमरी कार्ड घेऊ? (कोपरी)

स्विच, लाइट आणि ओएलईडीसाठी यूएचएस-१ वर्गाचं, सेकंदाला ६० ते ९५ एमबी वाचन-वेगाचं मायक्रोएसडी. २५६ जीबी पुरे. यूएचएस-२ च्या जादा पैशांचा उपयोग नाही, स्विच तो वेग वापरतच नाही. नकली कार्डं फार आहेत. संगणकावर ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा आणि बिल ठेवा.

प्रश्न : रोज पनवेल ते ठाणे प्रवास आहे. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर स्विच किती वेळा भरेल? आणि स्टीम डेक ओएलईडी हा वॅल्व्ह कंपनीचा हातात धरायचा कन्सोल घेतला तर? (पनवेल)

एमएएचची तुलना फसवी असते, वॉट-अवरमध्ये मोजा. तुमची बँक साधारण ७४ वॉट-अवरची. रूपांतरात तिसरा हिस्सा जातो असं धरा, हातात उरतात पन्नासच्या आसपास. स्विचची बॅटरी १६ वॉट-अवरची, म्हणजे तीन वेळा आरामात. बँक पीडीची आणि किमान १८ वॉटची हवी. साध्या ५ व्होल्टच्या खाचेवर जड गेम खेळताना टक्के वाढतच नाहीत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या स्टीम डेक ओएलईडीची बॅटरी ५० वॉट-अवरची आहे (आधीच्या एलसीडी मॉडेलची ४० होती). म्हणजे तीच बँक एकदा जेमतेम भरेल. त्याचा स्वतःचा चार्जर ४५ वॉटचा, तेवढं देणारी बँक नसेल तर खेळता खेळता टक्के हळूहळू उतरतच राहतील. वजन ६४० ग्रॅम. गर्दीच्या वेळी पनवेल लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तरच तो नीट धरता येतो. उभ्याने प्रवास होत असेल तर २७५ ग्रॅमचा स्विच लाइट घ्या, फक्त तो टीव्हीला जोडता येत नाही हे घेण्याआधी घरच्यांना सांगून ठेवा.